कुपोषित लेकराला ‘लगेच सलाईन’ सांगणारा मेसेज पुढे पाठवू नका

पावसाळा लागला की आमच्या मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याकडे एक मेसेज फिरतो. कुपोषित लेकराला हगवण लागली तर लगेच सलाईन लावा, घरी मिठाचं पाणी पाजा, अंग भरलं की लेकरू सुधारलं समजा, मग पोटभर खाऊ घाला. पाठवणारे मायेनेच पाठवतात. पण हे ऐकून लेकरू दगावू शकतं.

आधी सलाईन. साध्या सलाईनमध्ये लिटरमागे १५४ मिलिमोल (क्षार मोजायचं माप) सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, असतं, पोटॅशियम शून्य. तीव्र कुपोषित लेकराचं नेमकं उलटं असतं: पेशींत सोडियम साठलेलं, पोटॅशियम-मॅग्नेशियम हगवणीत वाहून गेलेलं. त्यामुळे मान धरवत नाही, पोट फुगतं, हृदयाचे ठोके बिघडतात. अशा दुबळ्या हृदयावर सलाईन भराभर सोडली की फुप्फुसात पाणी उतरतं. म्हणून ती फक्त लेकरू शॉकमध्ये गेलं (रक्ताभिसरण ढासळून हातपाय गार पडले, शुद्ध हरपू लागली) तर, तीही दवाखान्यात, नाडी आणि श्वास मोजत.

मिठाच्या पाण्यातही पोटॅशियम नाहीच, वर मीठ अंदाजाने. ओआरएसमध्ये लिटरमागे सोडियम ७५ मिलिमोल, पोटॅशियम २०. रिसोमाल या खास कुपोषित लेकरांसाठीच्या ओआरएससारख्या द्रावणात ४५ आणि ४०. रिसोमाल नसेल तिथे ओआरएसमध्येच पोटॅशियमचं औषध मोजून घालतात. हे तयार द्रावण पहिले दोन तास दर अर्ध्या तासाला वजनाच्या किलोमागे ५ मिली पाजतात, म्हणजे सहा किलोच्या लेकराला ३० मिली. ओआरएस टाळा असं मी म्हणत नाही. पोषण पुनर्वसन केंद्रात (कुपोषित लेकरांना भरती करून उपचार करतात तिथे) पोचेपर्यंत ते चमच्या-चमच्याने पाजा, अंगावरचं दूध चालू ठेवा.

‘अंग भरलं’ याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. एका घरी आजी कौतुकाने म्हणाली, “पाहा ना सिस्टर, नातू कसा भरून आला.” मी त्याच्या पावलावर अंगठा दाबून धरला, उचलला. खळगा तसाच राहिला. दुसऱ्या पावलावरही तेच. ती कुपोषणाची सूज होती. अशी सूज उतरवायला लघवीची गोळी तर मुळीच देऊ नका, तिने उरलंसुरलं पोटॅशियमही जातं.

आणि पोटभर जेवण? उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून केंद्रात सुरुवातीला एफ-७५ नावाचं खास हलकं दूध थोडं थोडं, दर दोन तासांनी, रात्री उठवूनही देतात.

दंडाचा घेर पट्टीने मोजून ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला किंवा पावलांवर खळगा पडला, तर त्याच दिवशी लेकराला पोषण पुनर्वसन केंद्रात न्या. आणि तिथे सलाईन लावली नाही म्हणून त्याला उचलून घरी आणू नका.