गणपूर्तीअभावी काळा पडदा

डिस्क प्लेअर घ्यायचाय असं पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कुणाला सांगून बघा. काउंटरपलीकडचा मुलगा आधी आपल्या पिकल्या केसांकडे बघतो आणि मग आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात विचारतो, "काका, पेनड्राइव्ह नाही का चालणार?"

नाही चालणार. फोरके (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या) चित्रासाठी नेटफ्लिक्स सेकंदाला १५ मेगाबिटची लाइन मागतं. फोरके ब्लू-रे डिस्क गरज पडली की शंभराच्या पुढे जाते. रात्रीच्या प्रसंगात आभाळावर राखाडी पट्टे न दिसता नुसती रात्र दिसावी, एवढंच मागणं असेल तर डिस्कला पर्याय नाही. या मुद्द्यावर मी सवलत देत नाही.

तशी निवड सोपी झाली आहे, कारण निवडायला फारसं उरलेलंच नाही. ओप्पो डिजिटलने (फोनवाली नव्हे, प्लेअरवाली) २०१८ मध्ये आवरतं घेतलं. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे प्लेअर आणणं थांबवलं. ठळक नावं उरली सोनी आणि पॅनासॉनिक. पण त्रास प्लेअरचा नसतोच, घरात आधीपासून बसलेल्या बाकीच्या डब्यांचा असतो.

फोरके डिस्कला एचडीसीपी २.२ नावाची, नक्कल रोखणारी कुलूपपद्धत लागते. प्लेअरकडे ती हवी, रिसीव्हरकडे (स्पीकरांना आवाज वाटणाऱ्या डब्याकडे) हवी, टीव्हीकडे हवी. टीव्हीतही नेमक्या त्याच एचडीएमआय पोर्टला हवी. एक जरी सभासद गैरहजर असला तरी गणपूर्ती नाही. सोसायटीत निदान सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच जागी, आहेत तेवढ्यांत उरकते. इथे ती सोय नाही. काही प्लेअर मुकाट्याने १०८०पीवर, म्हणजे फुल एचडीवर उतरतात, काही सरळ काळा पडदा दाखवतात, आणि घरातले सगळे नव्या प्लेअरला शिव्या घालतात. दोषी असतो बारा वर्षांपूर्वीचा रिसीव्हर, जो बाजूला निळा दिवा लावून साळसूदपणे बसलेला असतो.

तो रिसीव्हर बदलायचा नसेल तर मागे दोन एचडीएमआय आउट असलेला प्लेअर घ्यावा. एक वायर थेट टीव्हीला, चित्रासाठी. दुसरी रिसीव्हरला, फक्त आवाजासाठी. जाहिरातीतल्या दहा वैशिष्ट्यांपेक्षा हे एक जादा भोक मोलाचं आहे. आवाज टीव्हीतून उलटा रिसीव्हरला आणायचा बेत असेल, तर दोन्हीकडे ईएआरसी लिहिलेलं हवं. नुसतं एआरसी (त्याची जुनी, अरुंद आवृत्ती) किंवा ऑप्टिकल वायर असेल तर डिस्कवरचा ट्रूएचडी, म्हणजे काटछाट न केलेला आवाज त्यातून जात नाही. बोळातून बस जात नाही तसाच.

वायरीबद्दल दुकानात सोन्याचा मुलामा वगैरे ऐकू येतं. दीड-दोन मीटरला 'प्रीमियम हाय स्पीड' लिहिलेली साधी केबल पुरते. खरी गंमत प्रोजेक्टरवाल्यांची. दहा-बारा मीटरला तांब्याची वायर दगा देऊ लागते, म्हणून फायबरची एचडीएमआय घेतात, आणि तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स', दुसऱ्यावर 'डिस्प्ले'. ती उलटी ओढून वरून पीओपी केलं, की काळ्या पडद्याचं कारण छतातच गाडलं जातं. म्हणून ओढण्याआधी ती वायर जमिनीवर पसरून एक डिस्क चालवून बघावी. कंत्राटदार घड्याळ बघेल. बघू द्यावं.

आता अमेरिका. कोथरूडमधल्या निम्म्या घरांचं कुणी ना कुणी तिकडे आहे, आणि "येताना आणतो की" हे वाक्य फार गोड असतं. आणलेल्या प्लेअरची पाठ आधी वाचावी. तिथे बारीक अक्षरांत '१००-२४० व्होल्ट' असेल तर फक्त पिन बदलायची. '१२० व्होल्ट' असेल आणि तो आपल्या २३० च्या सॉकेटात थेट गेला, तर आवाज, धूर आणि वास तिन्ही एकदम मिळतात. चित्र मात्र नाही. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. दुसरी गोष्ट विभागाची: डिस्क आणि प्लेअर एकाच विभागाचे लागतात. साध्या ब्लू-रेसाठी अमेरिका 'ए' विभागात, युरोप 'बी' मध्ये आणि भारत 'सी' मध्ये. डीव्हीडीला अमेरिका १, आपण ५. फोरके डिस्कला विभागच नाहीत, तिथे सगळी वसुंधरा एक कुटुंब. त्यामुळे तो प्लेअर नवी फोरके डिस्क हसतमुखाने चालवतो आणि इथे घेतलेल्या, विभाग ठरलेल्या जुन्या डिस्क ओळखही न दाखवता बाहेर काढतो.

जोडणी झाली की सेटिंगचा घोळ. टीव्हीच्या त्या पोर्टला 'एन्हान्स्ड' किंवा 'डीप कलर' असं काहीतरी नाव असलेलं बटण हाताने चालू करावं लागतं. नाहीतर एचडीआर (उजेड-अंधार आणि रंगांचा वाढीव पल्ला) येत नाही. टीव्ही डॉल्बी व्हिजनवाला (हा एचडीआरचाच एक प्रकार) नसेल तर प्लेअरमध्ये त्याचे पैसे मोजू नयेत. आणि ५५ इंची पडद्यापासून सात फुटांपलीकडे सोफा असेल, तर फोरकेचे जादाचे ठिपके डोळ्याला बहुतेक कळतच नाहीत. कळतो तो एचडीआरचा उजेड आणि रंग.

आवाजाची चूक याहून लपलेली असते. मेनूत 'ऑडिओ मिक्स' किंवा 'सेकंडरी ऑडिओ' असतं, आणि ते बऱ्याचदा कारखान्यातूनच चालू येतं. मेनूचे टिकटिक आवाज सिनेमात मिसळता यावेत म्हणून प्लेअर सगळा आवाज स्वतःच उलगडतो आणि अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही येणारा आवाज) तिथेच संपतं. ते बंद करावं, आउटपुट 'बिटस्ट्रीम' (आवाज न उलगडता तसाच पुढे) ठेवावं, आणि मग रिसीव्हरच्या काचेवरची अक्षरं वाचावीत. 'अ‍ॅटमॉस' उमटलं तर जिंकलात. 'पीसीएम' दिसलं, म्हणजे आवाज प्लेअरनेच उलगडलाय, तर परत मेनूत जा. अ‍ॅटमॉस उमटलं आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली, तर खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या आहेत. त्यांच्यासाठी 'डायनॅमिक रेंज' नावाचं सेटिंग आहे: स्फोट दबतो, कुजबुज वर येते. रात्री दहानंतर हेच खरं होम थिएटर.

एवढं सगळं जमल्यावर पहिली डिस्क कुठली लागते? मुंजीची. कपाटातून ती डीव्हीडी निघते, फोटोग्राफरने संगणकावर जाळलेली, वर मार्करने लिहिलेली. ती 'फायनलाइज' केलेली, म्हणजे जाळून झाल्यावर बंद केलेली नसेल, तर बहुतेक प्लेअर तिला वाचत नाहीत. अमेरिकेहून आलेला प्लेअर ती 'पाल' (आपल्याकडच्या टीव्हीची चित्रपद्धत) पद्धतीची आहे म्हणूनही नाकारू शकतो. काहींना व्हीसीडी मुळीच चालत नाही, म्हणजे नाटकांचा अख्खा खण बाद. म्हणून दुकानात जाताना ही मुंजच पिशवीत घालून न्यावी. डिस्क पुसायची असेल तर मऊ कापडाने, मधून कडेकडे. गोल गोल नाही.

आणि लागली तर? डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६ ठिपके, फोरके पडद्यावर ३८४० गुणिले २१६०. म्हणजे बरोब्बर वीसपट. एका खऱ्या ठिपक्यामागे एकोणीस ठिपके प्लेअर अंदाजपंचे भरतो. चांगला प्लेअर चांगल्या थापा मारतो, महागात फरक आहे तो इतकाच. बटूच्या तुळतुळीत डोक्यावर त्याचं काम झकास होतं. मागच्या पंगतीत मात्र अंदाज चुकतो, आणि तिथे बसलेली धाकटी मावशी की वन्सं, यावर डिस्क थांबवून चर्चा सुरू होते.