रेप्लिका लावली म्हणून सर्व्हर दुप्पट पळत नाही

कोल्हापुरातल्या आयटीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय: 'मायएसक्यूएल स्लो आहे? रेप्लिका लावा, स्पीड दुप्पट. फ्लशच्या दोन सेटिंग ढिल्या करा, लॅग शून्य. बॅकअपचं टेन्शनही संपलं.' उद्यमनगरापासून गोकुळ शिरगावपर्यंतची पोरं तो पुढं पाठवतायत, आणि त्यातलं कुणीतरी उद्या हे चालू सर्व्हरवर करून बसेल. म्हणून लिहितोय. मायएसक्यूएल म्हणजे नोंदी साठवणारा डेटाबेस, आणि रेप्लिका म्हणजे मूळ सर्व्हरवरचे बदल सतत ओढून घेणारी त्याची दुसऱ्या मशीनवरची नक्कल.

आधी 'दुप्पट'. मूळ सर्व्हरवरचं प्रत्येक लेखन रेप्लिकालाही करावंच लागतं. वाटून घेता येतं ते फक्त वाचन. समजा सर्व्हरची ताकद सेकंदाला १००० कामांची आहे आणि त्यातली ७०० लेखनाची. दुसरं तसंच मशीन आणलंत तरी त्याचीही ७०० लेखनातच जाणार. पदरात पडली वाचनाची ३००. वर आणखी एक अडचण. दूध संकलन केंद्रावर सेक्रेटरी लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) भरतो आणि लगेच पावती मागतो. पावती रेप्लिकावरून वाचली आणि ती दोन सेकंद मागे असली, तर नोंद दिसतच नाही. रांग खोळंबलेली असते, तो पुन्हा भरतो. एका सभासदाचं दूध दोनदा.

आता लॅग, म्हणजे रेप्लिका मूळ सर्व्हरच्या मागे पडणं, कारण खरी गोम इथंच आहे. 'नेटवर्क स्लो असेल' असं सगळे म्हणतात. एका दूध संस्थेचा डेटाबेस मी सांभाळत होतो. दहा दिवसांचं बिल काढलं की रेप्लिका हमखास मागे पडायची. नेटवर्क मोकळं, डिस्क निवांत, प्रोसेसरचा एकच कोर मात्र पूर्ण भरलेला. संकलनाच्या टेबलला प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळ नेमकी ओळखू देणारा रकाना, नव्हती! बिलाचा अपडेट मूळ सर्व्हरवर टेबल एकदाच चाळून संपतो. पण बिनलॉग, म्हणजे मूळ सर्व्हर बदल नोंदवतो आणि रेप्लिका वाचते तो लॉग, रो फॉरमॅटमध्ये असला (मायएसक्यूएलच्या ५.७.७ आवृत्तीपासून तोच डीफॉल्ट आहे) की रेप्लिकाकडे येतात बदललेल्या ओळी, आणि त्या शोधायला तिला आख्खं टेबल पुन्हा पुन्हा चाळावं लागतं. प्रायमरी की घातली आणि पुढच्या बिलाला रेप्लिका सोबतच राहिली. ८.०.१३ पासून की नसलेलं टेबल बनवूच न देणारी सेटिंग आहे. ती चालू ठेवा. रेप्लिकावर एकाच वेळी बदल लावणारे समांतर वर्करही बघा: ८.०.२७ पासून डीफॉल्ट ४ आहेत, त्याआधी मुद्दाम वाढवले नाहीत तर काम एकाच थ्रेडवर चालायचं.

आणि लॅगचा तो 'सेकंद मागे' आकडा शून्य दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. हातात आलेला लॉग लावून झाला की तो शून्य दाखवतो. लॉग यायलाच उशीर होत असेल तर ते त्यात दिसत नाही. मूळ सर्व्हरवर दर सेकंदाला एका छोट्या टेबलात वेळ लिहा आणि रेप्लिकावर ती वाचा.

फ्लशच्या सेटिंग, म्हणजे लिहिलेलं डिस्कवर कधी पक्कं करायचं ते ठरवणाऱ्या. सिंक बिनलॉग ० आणि इनोडीबीचा (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन) लॉग फ्लश २ केला की लेखन पळतं, हे खरं. पण वळवाच्या पावसात लाईट जाते, यूपीएसची बॅटरी दगा देते, आणि शेवटच्या क्षणांच्या नोंदी जातात. त्यातल्या काही रेप्लिकाकडे आधीच पोचलेल्या असतात! मग ती बिनलॉगमधली अशी जागा मागते जी मूळ फाइलमध्ये उरलेलीच नाही, आणि रेप्लिकेशन थांबतं. हे ढिलेपण रेप्लिकावर चालेल, कारण ती नव्याने उभारता येते. मूळ सर्व्हरवर दोन्ही १ च ठेवा.

बॅकअपचं तर सरळ आहे. त्याच संस्थेत एकदा चुकून सभासदांचं टेबल ड्रॉप झालं. रेप्लिकानं तो हुकूम इमानदारीनं पाळला, सेकंदाच्या आत. मुद्दाम तासभर मागे ठेवलेली रेप्लिका असती तर सावरायला वेळ मिळाला असता. ही सोय ५.६ पासून आहे, आमच्याकडे लावलेली नव्हती. टेबल परत आलं ते आदल्या रात्रीच्या डंपवरून (डेटाबेसची काढून ठेवलेली पूर्ण प्रत), आणि पुढच्या नोंदी बिनलॉगमधून ड्रॉपच्या आधीपर्यंत चढवून.