सही कर ना, ताई

परवा ऑफिसातला एकजण डबा उघडता उघडता म्हणाला, "बहिणींच्या सह्या झाल्या, सुटलो एकदाचा." सुटलो! मला आमच्या घरची २०१७ सालची ओसरी आठवली. म्हणून हे लिहितोय. लांबलंय, सवडीनं वाचा.

आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, तेरावं नुकतंच उरकलं होतं. पाहुणे पांगले होते, मांडववाला भांडी मोजून घेत होता. तात्यांनी विषय काढला, "वारसनोंद लावायचीच आहे, तर पोरीची हक्कसोडपण हातासरशी उरकून घेऊ. परत परत खेटे कोण घालणार?" हक्कसोड म्हणजे ताईनं जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद, आणि तो तयारच होता. मीच तालुक्याला जाऊन लिहून आणला होता, तेराव्याच्या आत. हे सांगायला आजही लाज वाटते. मुद्रांक दोनशेचा.

मी अगदी गोड आवाजात म्हणालो, "ताई, तुला काय कमी आहे? दाजींची नोकरी आहे. सही कर ना. माहेर तर तुझंच आहे."

ती चहा गाळत होती. गाळणी तशीच हातात धरून तिनं विचारलं, "माझं किती येतं?"

एवढंच. आणि माझा पारा चढला. "दाजींनी पढवून पाठवलंय वाटतं" असं मी बोलून गेलो. आई रडायला लागली, तात्या म्हणाले, "आईकडं बघून तरी सही कर." मग आईचे डोळे पुसायचं कामही ताईलाच करावं लागलं. सही काही झाली नाही. ती संध्याकाळच्या एसटीनं गेली, आणि त्या वर्षी भाऊबीजेला आली नाही.

मला बरेच दिवस वाटायचं की माझं चुकलं ते फक्त शेवटचं वाक्य. तोवर मी नीटच बोलत होतो की! आता वाटतं, शेवटचं वाक्य निदान खरं होतं, मनातलं होतं. अपमान त्याआधीच्या गोडव्यात होता. तिच्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींचं होतं: साडेतीन एकर, त्यातलं दीड बागायत, विहीर सामाईक, आणि माझ्याएवढाच तुझा हिस्सा. ते मी सांगू शकलो नाही, कारण आकडा एकदा तोंडातून बाहेर पडला की तो फुकट मागायला जीभ रेटत नाही. 'माहेर तुझंच आहे' म्हणायला काहीच पडत नाही.

कायद्याचं म्हणाल तर त्यात आता गुंता उरलेला नाही. आपल्या राज्यानं १९९४ मध्येच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की हा हक्क जन्मानंच येतो, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असं नाही. तरी गावात आजही पहिला प्रश्न 'बहिणींनी सह्या दिल्या का?' हाच. सही दिली की साडीचोळी, नाही दिली की 'पोरगी लोभी निघाली'.

वर्षभरानं मी तिच्या घरी गेलो. एकटा. तात्या नाहीत, आई नाही, लिहिलेला कागद नाही. फक्त जमिनीचे उतारे, सातबारा आणि आठ-अ. तिच्यापुढं ठेवले, हिस्सा सांगितला, आमच्याकडं एकराला काय भाव चाललाय तेही सांगितलं. आणि म्हणालो, "तू नाही म्हणालीस तर मला राग येईल. पण तो माझा मी बघेन."

मग ती तासभर बोलली. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी तिचं बीएड राहिलं, हे मला माहीत होतं. तिनं भरलेला फॉर्म आप्पांनी परत आणला होता, हे माहीत नव्हतं. ती चिडली, रडली, मध्येच उठून कुकरच्या शिट्ट्या मोजून आली. "तुझ्या लग्नातपण खर्च..." हे माझ्या तोंडून अर्धं निघालंच. ती म्हणाली, "थांब. माझं होऊ दे." थांबलो. अशा वेळी शांत राहा, दीर्घ श्वास घ्या, असं सांगणारे खूप भेटतात. पण जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याला शांत राहायला काय लागतं? मी थंड डोक्यानं आणि तिनं रडून बोलणं, यात शहाणा मी ठरतो, हेच मुळात सोयीचं आहे. माझ्या सोयीचं.

दाजी त्या सगळ्या वेळात बाहेर स्कूटर पुसत बसले होते. ज्या माणसानं पढवलं म्हणून मी बोंब मारली, तो हा.

सही तिनं त्या दिवशीही केली नाही, नंतरही नाही. सातबाऱ्यावर आई, मी आणि ती, तिघांची नावं आहेत. मला राग आला का? आला. दोनेक महिने टिकला.

आता ऊस तुटून गेला की तिचा फोन येतो. पूर्वी विचारायची, आईचे गुडघे कसे आहेत. आता आधी विचारते, "टनाला किती दिला रे कारखान्यानं?" आणि मग गुडघे.