नाकानोंच्या घरात वाढलेला मरीन

८ जुलै १९४४. प्रशांत महासागरातल्या सायपान बेटाचं उत्तर टोक, मार्पी. खाली खवळलेला समुद्र, वर उभे कडे, कड्यांच्या पोटात गुहा. त्या गुहांमध्ये शेकडो जपानी सैनिक दडलेले, आणि त्यांच्यासोबत अडकलेली बायका-मुलं, म्हातारी माणसं. त्यांच्यासमोर एक अमेरिकन मरीन, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या दलाचा सैनिक, उभा आहे. एकटा. वय वर्षं १८, उंची बेताची, हुद्दा अगदी खालचा. नाव गाय गॅबाल्डन. त्या एका दिवसात त्याने आठशेहून जास्त माणसं त्या कड्यांवरून जिवंत बाहेर काढली.

अमेरिकेत ही गोष्ट बहुतेक वेळा एकाच साच्यात सांगतात. गल्लीत उनाडक्या करणारं पोरगं, मरीनमध्ये भरती झालं, शिस्त लागली, हिरो झालं. मला हे अजिबात पटत नाही. गॅबाल्डनबद्दल जेवढं वाचलं तेवढं माझं मत पक्कं होत गेलंय. त्या दिवशी कड्यावर जे कामी आलं ते त्याला लष्कराने दिलेलं नव्हतं. ते त्याला लॉस एंजेलिसमधल्या एका जपानी कुटुंबाने दिलं होतं, आणि ते कुटुंब तोपर्यंत अमेरिकेच्याच सरकारने काटेरी तारांमागे टाकलेलं होतं.

पहिल्यापासून सांगते.

गॅबाल्डनचा जन्म १९२६ चा, लॉस एंजेलिसचा. मेक्सिकन वंशाचं घर, भावंडं बरीच, आणि काळ महामंदीचा. त्यांची वस्ती बॉइल हाइट्स. मेक्सिकन, ज्यू, जपानी, रशियन, अर्मेनियन, सगळे तिथे एकमेकांच्या दाराला दार लावून राहायचे. ज्यांना शहरातल्या चांगल्या भागात घर मिळायचं नाही ते सगळे इथे. दहाव्या वर्षी हा मुलगा स्किड रोवर बूटपॉलिश करायला बसायचा. स्किड रो म्हणजे दारूचे गुत्ते, स्वस्त लॉज आणि रस्त्यावर झोपणारी माणसं. गिऱ्हाईक कोण, तर दिवसाढवळ्या झिंगलेले पुरुष. दहा वर्षांच्या पोराने तिथे काय काय पाहिलं असेल याचा विचार करा. पुढे एक टोळी झाली, मारामाऱ्या झाल्या. आपल्याकडे अशा पोराला ‘हाताबाहेर गेलेलं’ म्हणून मोकळे होतात.

याच टोळक्याच्या ओळखीतून त्याची नाकानो भावांशी दोस्ती झाली. आधी येणं-जाणं, मग जेवण, मग मुक्काम. बाराव्या वर्षी तो त्यांच्याच घरी राहायला गेला. नाकानोंच्या मुलांबरोबर तो जपानी भाषेच्या वर्गाला जाऊन बसायचा. घरातलं बोलणं कानावर पडायचं, वडीलधाऱ्यांशी कसं वागायचं ते दिसायचं. त्याचं जपानी काही पंडिती नव्हतं, गल्लीतलं आणि चुलीपाशी शिकलेलं होतं. पण समोरचा जपानी माणूस कशाने खजील होतो, कशाने शांत होतो, त्याच्याशी कुठल्या सुरात बोलायचं, हे त्याला कळत होतं. वर्गात बसून ते येत नाही.

मग ७ डिसेंबर १९४१ ला जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नौदल तळावर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या जवळपास १,२०,००० माणसांना घरदार सोडावं लागलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेतच जन्मलेले, अमेरिकेचे नागरिक. आरोप नाही, खटला नाही. दुकानं, बागा, गाड्या मिळेल त्या भावाने फुंकून टाकायच्या आणि हाताला उचलेल तेवढंच सामान घेऊन निघायचं. कित्येक कुटुंबांना आधी सांता अनिता रेसकोर्सच्या घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलं होतं. नाकानो कुटुंब गेलं वायोमिंगमधल्या हार्ट माउंटनच्या छावणीत. डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी बराकी, एका कुटुंबाला एक खोली, मधोमध कोळशाची शेगडी, भोवती काटेरी कुंपण, पहाऱ्याचे मनोरे. कॅलिफोर्नियाच्या उबेत वाढलेली माणसं, आणि तिथली थंडी शून्याच्या कितीतरी खाली जाणारी. या छावणीत दहा हजारांवर माणसं होती.

या गोष्टीबद्दलचा माझा राग आजही कमी होत नाही. एका घराने दुसऱ्याचं पोर आपलं म्हणून वाढवलं आणि त्या घराला देशाने शत्रू ठरवलं.

पंधरा-सोळा वर्षांच्या गॅबाल्डनचं घर दुसऱ्यांदा सुटलं. तो अलास्कात गेला, मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात राबला, आणि २२ मार्च १९४३ ला, सतरावा वाढदिवस होता त्याच दिवशी, मरीनमध्ये भरती झाला. भरतीनंतर तीन महिन्यांच्या आत, जून १९४३ मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये काय झालं तेही सांगायला हवं. खलाशी, सैनिक आणि मरीन टोळ्याटोळ्यांनी शहरात घुसले आणि सैल, ऐटबाज सूट घालणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या पोरांना रस्त्यात, ट्रामगाड्यांत, सिनेमागृहांत गाठून मारलं, अंगावरचे कपडे फाडले. पोलिसांनी अटक केली ती बहुतेक मार खाणाऱ्यांनाच. गॅबाल्डनसारखीच पोरं, त्याच्याच भागातली. आणि त्याच्या अंगावर आता मारणाऱ्यांचा गणवेश. ‘गणवेशाने माणूस घडतो’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे दिवस जरूर वाचावेत.

आता सायपान. पहिल्या महायुद्धापासून हे बेट जपानच्या ताब्यात होतं. उसाचे मळे, साखर कारखाना, आणि ओकिनावाहून तिथे कामाला आलेली हजारो कुटुंबं. मूळचे चामोरो आणि कॅरोलिनियन लोक वेगळेच. १५ जून १९४४ ला अमेरिकन फौजा उतरल्या, कारण तिथून उडालेली बी-२९ बॉम्बफेकी विमानं टोकियोपर्यंत पोहोचणार होती. जपानी फौज सुमारे तीस हजार. युद्धकैदी होणं म्हणजे कलंक, ही शिकवण त्यांच्यात भिनवलेली. नागरिकांना सांगून ठेवलेलं, की अमेरिकन हाती लागलात तर हाल हाल करून मारतील. उलट बाजूला अमेरिकन सैनिकांचाही कैदी घेण्यावर विश्वास उरला नव्हता. शरण येतो म्हणून पुढे यायचं आणि जवळ येऊन ग्रेनेड फोडायचा, असे प्रकार त्यांनी पाहिले होते. दोन्हीकडून जिवंत राहण्याची वाटच बंद झालेली.

गॅबाल्डन पहिल्याच रात्री कुणालाही न सांगता, परवानगी न घेता, एकटाच पुढे सरकला आणि दोन कैदी घेऊन आला. शाबासकी मिळाली का? नाही. चौकी सोडल्याबद्दल वरिष्ठांनी खडसावलं, पुन्हा केलंस तर कोर्ट मार्शल करू म्हणाले. पुढच्या रात्री हा परत गेला. एका गुहेबाहेरच्या पहारेकऱ्यांना गोळ्या घातल्या, एका बाजूला दबा धरून बसला आणि आतल्या लोकांना जपानीत ओरडून सांगू लागला, की तुम्हाला घेरलंय, बाहेर आलात तर जगाल. सकाळी छावणीत परतला तेव्हा त्याच्यासोबत पन्नास कैदी होते.

इथे एका माणसाला श्रेय द्यायलाच हवं, तो म्हणजे त्याचा वरिष्ठ, कॅप्टन जॉन श्वाबे. या अधिकाऱ्याला नियमावर बोट ठेवून गॅबाल्डनला घरी पाठवता आलं असतं. त्याने त्याला एकट्याने काम करू दिलं. मला यातलं एवढंच लष्कराचं श्रेय वाटतं, आणि ते छोटं नाही. पोराला जे येतं ते ओळखणारा आणि त्याला वाट देणारा वरिष्ठ मिळणं ही नशिबाची गोष्ट असते.

७ जुलैच्या पहाटे जपान्यांनी अखेरचा हल्ला केला. चार हजारांच्या आसपास माणसं, काहींच्या हातात बंदुका, काहींच्या हातात नुसते बांबूला बांधलेले सुरे, काही तर कुबड्यांवर आलेले जखमी. जवळजवळ सगळे मेले. सेनापती साइतोने आधीच आत्महत्या केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅबाल्डनने कड्यांच्या माथ्यावर दोन पहारेकरी पकडले. त्यांच्याशी बोलत राहिला. एकाला गुहेत परत पाठवायला तयार केलं: जा, आणि सांग, की वाचायचं असेल तर वर या. तो गेला. आता तो परत येईल की शंभर बंदुका घेऊन येईल, हे कुणालाच ठाऊक नाही. थोड्या वेळाने एक जपानी अधिकारी आपली माणसं घेऊन वर आला. या अठरा वर्षांच्या पोराने त्याच्याशी बोलणी केली. जखमींना औषधपाणी मिळेल, खायला-प्यायला मिळेल, छळ होणार नाही. अधिकाऱ्याने ऐकलं. मग माणसं वर येऊ लागली आणि येतच राहिली. शेकडो सशस्त्र माणसांमध्ये एक मरीन. त्यांनी मनात आणलं असतं तर त्याचा मागमूस उरला नसता. दूरवरून इतर मरीननी ती गर्दी पाहिली आणि मदतीला आले तेव्हा कुठे त्याला हातभार लागला.

त्याच दिवसांत, त्याच मार्पीच्या कड्यांवरून, कितीतरी कुटुंबांनी खाली उड्या घेतल्या. आया लेकरांना कवटाळून. आज त्या जागांना बान्झाय क्लिफ आणि सुइसाइड क्लिफ म्हणतात, आणि जपानहून माणसं तिथे स्मारकांपुढे फुलं वाहायला येतात. वाचलेले आणि उडी मारलेले, दोघांच्या कानावर अमेरिकनांबद्दल एकच खोटं घातलेलं होतं. वाचलेल्यांना ते खोडून काढणारा आवाज वेळेत ऐकू आला, आणि तो त्यांच्या भाषेत होता.

गॅबाल्डनला संत करायचा माझा अजिबात विचार नाही. त्याने माणसं मारली. गुहेतून कुणी बाहेर येत नसेल तर ग्रेनेडही टाकले. त्याच्या कैद्यांचा आकडा साधारण १,५०० सांगतात. नौदलाच्या मानपत्रात हजाराहून बरेच जास्त असं म्हटलंय आणि त्यात सैनिक आणि नागरिक दोन्ही धरलेत. तरीही मला हे काम त्या युद्धातल्या कुठल्याही पराक्रमापेक्षा मोठं वाटतं, कारण त्यात दोन्ही बाजूंची माणसं वाचली. त्या गुहा लढून घ्यायच्या असत्या तर आतले मेलेच असते, बाहेरचे मरीनही किती तरी मेले असते.

आता माझ्या विषयावर येते. मी हायस्कूलवर शिकवते. आमच्याकडे सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात पोरगं जरा वाकडं चालायला लागलं की कुणीतरी वडीलधारं म्हणतंच, ‘मिलिटरीत टाका, सरळ होईल.’ ही समजूत पोरांवरही अन्याय करते आणि लष्करावरही. पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव करणारी जी पोरं दिसतात ती वाया गेलेली नसतात, घराला हातभार लावायला धडपडणारी असतात. आणि ज्या पोराच्या नावावर पोलीस ठाण्यात गुन्हा पडला, त्याला चारित्र्य पडताळणीतच भरतीचं दार जवळपास बंद होतं. म्हणजे ज्याच्यासाठी हा सल्ला देतात त्याच्या तो उपयोगाचाच नाही. त्यात ‘टाका’ ही भाषा. पोरगं नकोसं झालंय, कुणीतरी घेऊन जा आणि दुरुस्त करून आणा.

सुधारगृह चालवणं हे फौजेचं काम नाही. फौज माणसात आधीपासून असलेलं वापरते, चांगलं असेल तर चांगलं, वाईट असेल तर वाईट. गॅबाल्डन सतराव्या वर्षी भरती झाला तेव्हा त्याच्यात काहीतरी होतं, कारण बाराव्या वर्षी कुणीतरी त्याला घरात घेतलं होतं. नाकानोंनी काही योजना आखली नव्हती, उपदेश केल्याचंही कुठे वाचलं नाही. पोरांबरोबर आलेल्या पोराला राहू दिलं, एवढंच. असं घर मी माझ्या गावातही पाहिलंय, जिथे दारुड्या बापाचा मुलगा मित्राच्या आईकडे रात्री जेवून तिथेच अभ्यासाला बसायचा, आणि शेजारीपाजारी त्या माउलीला ‘कशाला नसती ब्याद घेताय’ म्हणून टोकायचे. तो मुलगा आज एसटीत वाहक आहे, सचोटीने नोकरी करतो. त्या बाईंचा सत्कार करायला कुणी गेलं नाही.

गॅबाल्डनचं पुढे काय झालं? मशीनगनच्या गोळ्या लागल्या आणि त्याचं युद्ध संपलं. श्वाबेने त्याच्यासाठी मेडल ऑफ ऑनरची, म्हणजे तिथल्या सर्वोच्च शौर्यपदकाची शिफारस केली होती. मिळालं सिल्व्हर स्टार. पहिल्या महायुद्धात १३२ जर्मन कैदी पकडणाऱ्या सार्जंट यॉर्कला ते सर्वोच्च पदक मिळालं होतं. १९६० मध्ये हॉलिवूडने गॅबाल्डनवर चित्रपट काढला, त्यात या बुटक्या, सावळ्या मेक्सिकन पोराचं काम दिलं एका उंच, निळ्या डोळ्यांच्या गोऱ्या नटाला. त्याच वर्षी पदक एक पायरी वाढवून नेव्ही क्रॉस केलं. पुढे त्याने जपानी वंशाच्या स्त्रीशी लग्न केलं आणि १९८० मध्ये चक्क सायपानलाच राहायला गेला, तिथे वीसेक वर्षं काढली. २००६ मध्ये फ्लोरिडात तो वारला. त्याला सर्वोच्च पदक मिळावं म्हणून लॅटिनो संघटनांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ते मिळायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि नाकानो? त्या घरातला लेन नाकानो छावणीतून थेट अमेरिकेच्याच फौजेत गेला, जपानी वंशाच्या सैनिकांच्या ४४२व्या रेजिमेंटमध्ये, आणि युरोपात लढला. आईबाप कुंपणाआड, मुलगा त्याच सरकारसाठी आघाडीवर. १० ऑगस्ट १९८८ ला राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही करून छावण्यांबद्दल माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर द्यायचं ठरलं. तोवर सेहेचाळीस वर्षं उलटली होती. तारांमागे गेलेले बहुतेक वडीलधारे, ज्यांच्या घरांतून असे मुलगे वाढले, ते तोपर्यंत हयातच नव्हते.