गाडी थंडी आहे जी!

मे महिन्यात नागपुरात ‘थंड’ म्हणवून घ्यायचा मान एक तर माठाला मिळतो, नाही तर सरकारी फायलीला. परवा तो माझ्या गाडीला मिळाला.

पीयूसी संपून चार दिवस झाले होते. दंड 10,000 रुपयांपर्यंत होऊ शकतो हे कळल्यापासून चौकातला प्रत्येक ट्रॅफिक हवालदार माझ्याकडेच बघतोय असं वाटत होतं. म्हणून ऊन चढायच्या आत, सकाळी सातला, धरमपेठेतल्या घरून निघून जवळच्या पंपावर गेलो. अंतर इतकं की चालत गेलो असतो, पण पीयूसीला गाडी न्यावीच लागते. पोरानं सायलेन्सरात नळी खुपसली, स्क्रीन पाहिली, मान हलवली. 2018 च्या माझ्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 0.3 टक्के. आला 0.6.

“गाडी थंडी आहे जी काकाजी. चांगली तापवून आणा.”

आदल्या दिवशी पारा 45 वर होता. रात्रभर कूलरनं भट्टीची हवा फेकली होती. मी भाजून निघालेला, आणि ही बया थंड!

घरी आलो तर शेजारचे सर कूलरच्या टाकीत पाइप सोडून उभे. आयुष्यभर कॉलेजात केमिस्ट्री शिकवलेला माणूस. टाकी भरेपर्यंत त्यांना विद्यार्थी हवाच होता.

“पोरगा बरोबर बोलून राहिला,” ते म्हणाले. “गाडीखाली धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो 250-300 डिग्रीला जागा होतो. तुमच्या 45 ला तो गोधडी घेऊन झोपलेला असतो.”

मग त्यांनी मला हा कन्व्हर्टर पानठेल्याच्या भाषेत समजावला. धुरातला कार्बन मोनॉक्साइड म्हणजे एका ऑक्सिजनसाठी तडफडणारा गडी. नायट्रिक ऑक्साइडकडे ऑक्सिजन आहे, पण तो त्याच्या गळ्यात पडलेला. हवेत दोघं शेजारून निघून जातात, ओळख दाखवत नाहीत. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमच्या ठेल्यावर मात्र दोघं टेकतात. ऱ्होडियमवर नायट्रिक ऑक्साइडची जोडी फुटते, नायट्रोजनला दुसरा नायट्रोजन भेटतो, आणि सुटलेला ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइड घेऊन जातो. न जळलेल्या पेट्रोलचंही तिथंच पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. ठेला जागच्या जागी, तस्साच.

“पण ठेला तापल्याशिवाय उघडत नाही,” सर म्हणाले. “आणि तुमची गाडी जाते कुठं? गोकुळपेठेत भाजीला! ठेलेवाला शटर वर करेस्तोवर तुम्ही परत घरी.”

हे मात्र मला लागलं. कारण खरं होतं.

सर आता रंगात आले होते. एक किलो पेट्रोलला 14.7 किलो हवा, इतकं नेमकं प्रमाण लागतं म्हणे. आपल्या रश्श्यासारखं अंदाजपंचे चालत नाही. ऑक्सिजन सेन्सर सतत धुराचा वास घेत इंजिनाला चुगल्या करतो. तरी थोडं पुढंमागं होतंच, म्हणून आत सेरियम ऑक्साइड ठेवलेलं असतं. जास्तीचा ऑक्सिजन जमा करायचा, कमी पडला की द्यायचा. ठेल्यावरची उधारीची वहीच. शिशाच्या पेट्रोलनं हा सगळा धातू लिंपला जाऊन निकामी व्हायचा. म्हणून 1995 साली चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आला, तो बिनशिशाच्या पेट्रोलचा हात धरूनच.

ही सगळी अक्कल मी घरात जाऊन सांगितली. चूक केली.

“प्लॅटिनम?” बायको म्हणाली. “गाडीला खरं प्लॅटिनम, आणि मला एक ग्रॅमवाल्या बांगड्या?”

गाडीतही काही ग्रॅमच असतं, ते मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीवर पातळ पसरवलेलं असतं, असं म्हणेपर्यंत तिनं माझ्या खिशात कांदा कोंबून डोक्याला दुपट्टा बांधला होता. इकडं उन्हात निघताना कांदा लागतोच. आजवर एकाही डॉक्टरनं मला तो लिहून दिलेला नाही, पण बायकोसमोर डॉक्टरचं काय चालतं!

वर्धा रोडनं खापरीपर्यंत गेलो आणि परत आलो. कामाविना, कुणाला भेटल्याविना, फक्त हवा शुद्ध ठेवण्यासाठी पेट्रोल जाळत. पंपावर पोहोचलो तर पुढं सहा गाड्या. इंजिन बंद केलं तर ठेला बंद, म्हणून तेही सुरूच. त्यात पोरगा ओरडला, “एसी बंद करा जी, चेकिंगला चालत नाही!” आता कन्व्हर्टर आणि मी, दोघंही आपापल्या तापमानाला पोहोचलो होतो.

नळी आत गेली. आकडा: 0.02. पोरगा खूश. पण पावती देताना त्यानं खिडकीत नाक घातलं आणि थबकला.

“काकाजी, वास कसला येऊन राहिला?”

माझ्या पोटात गोळा आला. सरांनी जाता जाता सांगितलं होतं: मिश्रणात पेट्रोल जास्त झालं तर कन्व्हर्टर त्यातल्या गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड करतो, आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. म्हणजे पुन्हा खर्च! मी घाबरून इकडंतिकडं हुंगलं, आणि हात आपोआप खिशाकडं गेला.

गंधकच होतं. बसताना चिरडलेल्या कांद्यातलं.