सही करा, नाहीतर परत पाठवा!

विद्यापीठाचं विधेयक विधिमंडळात मंजूर होतं, राजभवनावर जातं आणि तिथे नुसतं पडून राहतं. डोकं फिरतं ते या पडून राहण्यामुळे! राज्यपालांना विधेयक पटलं नसेल तर अडवायची सोय घटनेतच आहे. अनुच्छेद 200 उघडून बघा. संमती द्या, राष्ट्रपतींकडे पाठवा, किंवा हरकती लिहून सभागृहाकडे परत करा, आणि परत करायचं तर शक्य तितक्या लवकर करा. सभागृहाने ते पुन्हा मंजूर केलं, दुरुस्ती करून किंवा न करता, तर मग संमती रोखता येत नाही.

सगळी गोम या शेवटच्या तरतुदीत आहे. हरकत कागदावर उतरली की डाव विधानसभेच्या हातात जातो. बहुमत असलेलं सरकार एका दिवसाचं अधिवेशन बोलावून तेच विधेयक परत पाठवू शकतं. म्हणून हरकत लिहायचीच नाही. खुलासा मागवायचा, कायदेशीर सल्ला चालू आहे म्हणायचं, आणि सरकारच्या पाच वर्षांतली जमतील तेवढी वर्षं खाऊन टाकायची. होकार दिला तर दिल्ली नाराज, नकार दिला तर विधानसभा पुन्हा मंजूर करणार. गप्प बसलं तर काहीच जात नाही. हा हिशोब आहे, दुसरं काही नाही.

आपल्याकडचंच बघा. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात कुलगुरू निवडीसाठीची समिती नावांची यादी थेट कुलपतींना, म्हणजे राज्यपालांना देते. डिसेंबर 2021 मध्ये महाविकास आघाडी सरकारने दुरुस्ती मंजूर केली: यादी आधी सरकारकडे येणार, सरकार त्यातली दोन नावं पुढे पाठवणार, कुलपतींनी त्या दोनातूनच निवडायचं. शिवाय उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती, म्हणजे कुलपतींच्या खालोखाल. तेव्हाचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारींनी सही केली नाही. जून 2022 मध्ये सरकार पडलं आणि नव्या सरकारने विधेयक मागे घ्यायचं ठरवलं. विधानसभा बरखास्त झाली तरी संमतीसाठी थांबलेलं विधेयक रद्द होत नाही, हे खरं. पण ते रद्द व्हायची गरजच काय? सत्ता बदलेपर्यंत थांबलं की काम झालं.

तमिळनाडूत तर कळस झाला. 10 विधेयकं, बहुतेक कुलगुरू नेमणुकीची, त्यातली काही 2020 पासून अडकलेली. सर्वोच्च न्यायालयाने 10 नोव्हेंबर 2023 ला नोटीस काढली. 13 तारखेला राज्यपाल रवींनी संमती रोखली. 18 तारखेला विधानसभेने दहाही पुन्हा मंजूर केली. 28 तारखेला ती राष्ट्रपतींकडे रवाना! वर्षानुवर्षं न हललेली फाइल पंधरा दिवसांत दोनदा हलली. म्हणजे वेळ लागत नव्हता, वेळ काढला जात होता.

आणि राष्ट्रपतींकडे का? कारण अनुच्छेद 201 मध्ये मुदत नाही, आणि तिथे संमती नाकारली गेली तर विधानसभेच्या हातात काहीच उरत नाही. केरळने कुलपतीपदावरून राज्यपालांना हटवणारं विधेयक केलं. ते याच वाटेने गेलं आणि 2024 मध्ये तिथेच संपलं.

आता राज्य सरकारांबद्दल, कारण तीही धुतल्या तांदळासारखी नाहीत. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या विनियमांत स्पष्ट लिहिलंय की कुलगुरू शोध समितीने तीन ते पाच नावं द्यायची आणि समितीत यूजीसी अध्यक्षांचा एक प्रतिनिधी हवा. मार्च 2022 मध्ये गुजरातच्या एका कुलगुरूंची नेमणूक याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात रद्द झाली. हे माहीत असूनही मंत्र्यांचा हात वर ठेवणारी कलमं घालायची, म्हणजे राजभवनाला विनियमांशी विसंगतीचं कारण आयतं मिळतं आणि सरकारला ‘राज्यपाल अडवतात’ हा प्रचार. दोघांचंही भागतं. भांडण कशाचं आहे? व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद या दोन्हींचं अध्यक्षपद कुलगुरूंकडे असतं. पैसा, नेमणुका, संलग्नता, सगळं त्या टेबलावरून जातं. त्या खुर्चीत आपला माणूस हवा, बास!

मद्रास विद्यापीठाच्या कुलगुरूंची मुदत ऑगस्ट 2023 मध्ये संपली आणि पुढे दीर्घकाळ कारभार समितीच्या भरवशावर. पदवी प्रमाणपत्रावर कुलगुरूंची सही असते ना, ती आता कुणाची, हा प्रश्न ज्याला परदेशी प्रवेशासाठी कागद द्यायचाय त्याने सोडवायचा? प्रभारी माणूस मोठे निर्णय घ्यायला कचरतो, भरती लटकते, आणि मुलांची वर्षं मात्र थांबत नाहीत.

8 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूची ती दहा विधेयकं संमत मानली, निर्णयासाठी एक आणि तीन महिन्यांच्या मुदती घालून दिल्या. वाटलं, सुटलो. 20 नोव्हेंबर 2025 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने मत दिलं की अशा मुदती न्यायालय घालू शकत नाही आणि संमती गृहीतही धरता येत नाही. नुसतं रोखून ठेवायचा अधिकार नाही, परत पाठवायलाच हवं, हे मात्र त्यांनीही सांगितलं. अवाजवी विलंब असेल तर फक्त ‘निर्णय घ्या’ एवढा आदेश मिळू शकतो. म्हणजे प्रत्येक विधेयकासाठी राज्याने वकील लावून विलंब सिद्ध करत बसायचं.

निदान तारखा तरी उघड्या करा. विधेयक राजभवनावर कधी पोचलं, पहिला खुलासा कधी मागवला, विभागाने उत्तर कधी दिलं, त्यानंतर फाइल कुणाच्या टेबलावर किती दिवस. चार रकाने, दर महिन्याला संकेतस्थळावर. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.