‘मिसिसिपी बर्निंग’ बघून सिव्हिल राइट्सचा इतिहास कळत नाही
“सिव्हिल राइट्सचा खरा इतिहास बघायचाय तर मिसिसिपी बर्निंग बघा, एफबीआयने क्लॅनला कसं सरळ केलं ते कळेल” अशी पोस्ट फिरतेय आणि लोक डोळे झाकून पुढे ढकलतायत. 1988 चा सिनेमा आहे, 1964 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात क्लॅनने, म्हणजे गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेने, केलेल्या तीन नागरी हक्क (सिव्हिल राइट्स) कार्यकर्त्यांच्या खुनांवर बेतलेला, जीन हॅकमनने काम भारी केलंय, कॅमेऱ्याला ऑस्कर मिळालं तेही रास्तच. पण इतिहास? अजिबात नाही.

“एफबीआय हीरो होती.” अहो, ते तिघं कार्यकर्ते गायब झाले 21 जून 1964 ला, आणि एफबीआयने जॅक्सनला मिसिसिपीसाठी फील्ड ऑफिस उघडलं त्यानंतर, जुलैत. त्याच काळात संचालक हूवरची हीच एफबीआय मार्टिन ल्यूथर किंग यांचे फोन टॅप करत होती, नोव्हेंबरात तर त्यांना घाणेरडं निनावी पत्रही पाठवलं. हे सिनेमात कुठेच नाही.

“दमदाटी केली म्हणून केस सुटली.” सिनेमातलं मेयरला उचलून ब्लेड दाखवणं वगैरे सगळं रचलेलं. 44 दिवसांनी मातीच्या धरणात तिघांचे मृतदेह सापडले ते पैसे देऊन मिळवलेल्या टीपवरून.

“काळी माणसं भीतीने गप्प होती, सिनेमाने तेच दाखवलंय.” याचाच सगळ्यात जास्त राग येतो. पहिलाच सीन बघा, गाडी गोरा पोरगा चालवतोय आणि काळा मागच्या सीटवर. खरं तर गाडी चालवत होता त्या तिघांपैकी जेम्स चेनी, 21 वर्षांचा, मिसिसिपीतल्याच मेरिडियनचा काळा मुलगा. सिनेमात त्याला नावसुद्धा नाही, श्रेयनामावलीत नुसता ‘ब्लॅक पॅसेंजर’! आणि ते तिघं निघाले होते कुठे, तर लाँगडेलचं जाळलेलं माउंट झायन चर्च बघायला, तिथल्या काळ्या लोकांनी फ्रीडम स्कूलला (चळवळीने काळ्या मुलांसाठी चालवलेल्या शाळेला) जागा द्यायचं कबूल केलं होतं म्हणून क्लॅनने त्यांना मारहाण केली आणि चर्च पेटवलं. याला गप्प बसणं म्हणतात का? मिसिसिपीतल्या मळ्यावर राबणाऱ्या काळ्या फॅनी लू हेमर 1962 मध्ये मतदार नोंदणीला गेल्या तर त्याच दिवशी मळ्यावरून हाकलल्या गेल्या, तरी दोन वर्षांनी अटलांटिक सिटीला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात सगळ्या देशासमोर बोलल्या. 1964 च्या त्या उन्हाळ्यात चळवळीच्या कामाला बाहेरून आलेल्या पोरांना आपल्या घरात ठेवणारी कुटुंबंही तिथलीच, काळी, रोजगार जाईल, घर जळेल हे माहीत असून. सिनेमात ही माणसं फक्त मार खातात आणि गोरे एजंट येऊन न्याय देतात.

“सिनेमा आहे, डॉक्युमेंटरी नाही” म्हणणाऱ्यांनी मग तो ‘खरा इतिहास’ म्हणून शेअर करू नये, इतकंच.

“शेवटी दोषींना शिक्षा झालीच ना?” खुनाचा खटला राज्याने तेव्हा भरलाच नाही. 1967 मध्ये फेडरल कोर्टात नागरी हक्क डावलण्याच्या कटाची केस चालली, 18 आरोपी, दोषी 7, आणि सहा वर्षांपेक्षा जास्त कुणीच आत राहिलं नाही. कट रचणारा धर्मोपदेशक एडगर रे किलेन तर सुटलाच, कारण ज्युरीतली एक बाई म्हणाली की धर्मोपदेशकाला मी दोषी ठरवू शकत नाही. त्याला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं 21 जून 2005 ला, बरोबर 41 वर्षांनी, तेव्हा तो 80 वर्षांचा होता.